जुने स्पीकर घ्यायला निघालात? आधी जाळी काढायला सांगा

पहिली जोडी घेतली तेव्हा मी जाळी काढून बघितली नव्हती. समोरच्या गृहस्थांनी गाणं लावलं, डब्यावरचं अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, चकाकत होतं, आवाज गोड वाटला, मी पैसे मोजले. घरी येऊन जाळी ओढली तर आतून काळा भुगा जमिनीवर सांडला. वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या भागाच्या, कडेची फोमची पट्टी बोट लावताच चुरा होत होती. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. मी काही विचारलंच नव्हतं.

ती जोडी पुढे मीच दुरुस्त केली आणि अजून वाजते आहे. पण त्या उपद्व्यापात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. जुन्या स्पीकरचे काही बिघाड घरी बसून, थोड्या खर्चात निघतात. काही बिघाड असे असतात की त्या कंपनीचा तोच जुना भाग मिळाला तरच निघतात, आणि तो भाग सहसा मिळत नाही. बेताच्या पैशात चांगला आवाज हवा असेल तर पहिल्या प्रकारच्या बिघाडाची जोडी स्वस्तात उचलायची आणि दुसऱ्या प्रकारच्या जोडीला हात जोडून परत फिरायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या ही निवड करता यावी म्हणून आहेत. इथे 'जुने' म्हणजे साधारण १९६० ते १९९० या काळातले घरगुती हाय-फाय स्पीकर.

१. सगळे पैसे स्पीकरवर उडवू नका

जेवढी रक्कम काढली असेल तिचा एक तृतीयांश भाग हातचा ठेवा. फोमच्या कडा, आतल्या सर्किटमधले दोन-चार कॅपॅसिटर, वायर, वाहतूक यात तो जातो, आणि जातोच. 'पूर्ण दुरुस्त केलेली' जोडी घेत असाल तर हातचा थोडा कमी ठेवला तरी चालेल, पण काय बदललं, कधी बदललं, कोणते भाग वापरले हे नेमकं विचारा. 'सगळं नवीन टाकलंय' एवढंच ऐकू आलं तर काहीच सांगितलं नाही असं समजा.

२. थोरल्याचं नाव ऐका, धाकट्याला घरी आणा

जेबीएलचा एल-१००, यामाहाचा एनएस-१०००एम, बीबीसीच्या आराखड्यावर बनलेला एलएस३/५ए, टॅनॉयचे ड्युअल कॉन्सेंट्रिक: ही नावं तुमच्याआधी सगळ्यांनी ऐकलेली आहेत. त्यांच्या किमतीत आवाजाइतकाच त्या नावाचा भाव असतो. कमी बजेटवाल्याने त्याच घराण्यातली लहान मॉडेलं बघावीत. ॲकूस्टिक रिसर्चचा एआर-३ए सगळ्यांना हवा असतो, पण त्याच कंपनीचा आठ इंची वूफरचा एआर-४एक्स साध्या खोलीत तितकंच समाधान देतो, असं माझं मत आहे. 'लार्ज ॲडव्हेंट' महाग वाटला तर 'स्मॉलर ॲडव्हेंट' बघा. केएलएच, व्हार्फडेलचे डेंटन आणि लिंटन, सेलेस्चनचा डिटन १५ हीसुद्धा शोधण्यासारखी नावं आहेत.

डिटन १५ वरून आठवलं. त्याच्या पुढच्या बाजूला दोन मोठे कोन, म्हणजे हलणारे शंकूसारखे पडदे, दिसतात, आणि त्यातल्या एकाला चुंबकच नसतं. तो कोन आतल्या हवेच्या दाबाने हलतो आणि खालच्या स्वरांना भर देतो. हे माहीत नसलेला माणूस 'एक वूफर मेलाय' म्हणून चांगली जोडी सोडून येतो. उलट बाजूचं उदाहरण बोसच्या ९०१चं. १९६८ साली आलेल्या या स्पीकरमध्ये नऊ छोटे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असतात, त्यातले आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून. त्याच्यासोबत कंपनीचा स्वतंत्र इक्वलायझर लागतोच. तो हरवलेला असेल तर जोडी अर्धीच आहे, आणि भाव अर्ध्याहून कमी असायला हवा. एखादं मॉडेल मनात भरलं की त्याच्या रचनेत असं काही वेगळं आहे का, हे आधी वाचून घ्या. जुनी मॅन्युअल आणि क्रॉसओव्हरचे, म्हणजे उंच आणि खालचे स्वर वेगळे करणाऱ्या आतल्या सर्किटचे, नकाशे शोधले तर बहुतेक मॉडेलांचे सापडतात.

३. घरचा ॲम्प्लिफायर कोणता, ते आधी बघा

ॲम्पच्या मागे '४–१६ ओहम' किंवा '८ ओहम' असं काहीतरी छापलेलं असतं. स्पीकरच्या मागेही असतं. एआर-३एसारखे ४ ओहमचे स्पीकर, फक्त ८ ओहमसाठी बनलेल्या लहान ॲम्पला लावून आवाज वाढवला की ॲम्प तापतो, कधी बंदच पडतो.

दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो त्याचा. क्लिप्शचा हेरेसी हा हॉर्नवाला स्पीकर ९६ डेसिबलच्या आसपास आहे. बंद डब्याचे बरेच जुने छोटे स्पीकर ८६च्या आसपास असतात. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात आणि १० डेसिबलला दहापट. हेरेसी १० वॉटमध्ये जितका आवाज काढेल, तितकाच काढायला ८६वाल्याला १०० वॉट लागतील. म्हणून ॲम्प छोटा असेल तर संवेदनशील स्पीकर शोधा. छोट्या ॲम्पला पिळून पिळून आवाज काढला की तो फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजात सगळ्यात आधी ट्वीटर, म्हणजे उंच स्वर काढणारा छोटा ड्रायव्हर, जळतो. जुन्या स्पीकरमधले मेलेले ट्वीटर बरेचदा असेच मेलेले असतात, एखाद्या पार्टीत, छोट्या ॲम्पचं बटण शेवटपर्यंत फिरवून.

४. जायच्या आधी फोटो आणि चार प्रश्न

जाळी काढलेला पुढचा फोटो, मागच्या लेबलचा फोटो आणि वायर जोडायच्या जागेचा फोटो मागवा. 'जाळी निघत नाही' असं उत्तर आलं तर सावध व्हा. थोड्या मॉडेलांची जाळी खरंच चिकटवलेली असते, बाकीच्यांची निघते.

मग विचारा:

- शेवटचे कधी वाजवले, आणि कोणत्या ॲम्पवर?
- दोन्हींचे सिरियल नंबर काय आहेत? लागोपाठचे असतील तर उत्तम. फार लांबचे असतील तर दोन वेगळ्या जोड्यांतले उरलेले एकेक एकत्र केलेले असू शकतात.
- कोणताही ड्रायव्हर बदललाय का? कडा बदलल्यात का?
- तुमच्याकडे, माझ्या ॲम्पवर, अर्धा तास ऐकता येईल का?

शेवटच्या प्रश्नावर जो कुरकुरतो त्याच्याकडे जाऊच नका. 'तपासलेले नाहीत, आहेत तसे' या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा तपासलेत आणि बिघडलेले निघालेत असाच असतो. भाव देताना तसंच धरून चाला. आणि कधी न ऐकलेल्या नावाचे, पुढे सहा-सहा ड्रायव्हर, डब्यावर हजार वॉटचं स्टिकर आणि 'मूळ किंमत खूप होती, आज घाईत विकतोय' अशी गोष्ट सांगणारे भेटले तर तिथे बोलणं वाढवू नका. ही जगभर चाललेली जुनी फसवणूक आहे. आतले बरेचसे ड्रायव्हर नुसते शोभेचे असतात.

५. पिशवीत काय न्यायचं

- छोटा ॲम्प, आपला आणि चालू असल्याची खात्री असलेला
- स्पीकरची वायर, दोन्ही टोकं सोललेली; जुन्या युरोपीय स्पीकरना दोन पिनांचं डिन सॉकेट असतं, त्यासाठी एक अडॅप्टर
- फोन, त्यात ओळखीची चार गाणी, एक मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) रेकॉर्डिंग आणि ठरावीक हर्ट्झचे सूर वाजवणारं ॲप
- मल्टिमीटर
- दीड व्होल्टचा एक साधा सेल आणि वायरचे दोन तुकडे
- विजेरी, स्क्रूड्रायव्हर, ॲलन की
- कागदाची जाडसर नळी. किचन पेपरच्या गुंडाळीतली चालते
- मॉडेलची माहिती छापलेला कागद: मूळ ड्रायव्हर कसे दिसतात, किती ओहम, वजन किती

कागदपत्रांचं म्हणाल तर मूळ मॅन्युअल किंवा पावती मिळाली तर घ्या, पण तिच्यावर भाव वाढवून देऊ नका. घेताना मॉडेल, सिरियल नंबर, तारीख आणि दिलेली रक्कम लिहिलेली साधी चिठ्ठी मात्र सहीनिशी घ्या.

६. वूफरची कड: इथे घाई करायची नाही

वूफरचा कोन डब्याला थेट चिकटलेला नसतो. त्याच्याभोवती एक लवचीक कडा असते, तिच्यावर तो पुढेमागे हलतो. सगळी भानगड या कडेत.

ती चार प्रकारची दिसेल. फोमची कड मऊ, मॅट, जवळून बघितली तर बारीक भोकांची. रबराची गुळगुळीत आणि किंचित चमक असलेली. कापडाची असेल तर विणकाम दिसतं आणि त्यावर चिकट लेप जाणवतो. चौथी कोनाच्याच कागदाची किंवा कापडाची, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या घातलेली. एल-१०० आणि हेरेसीत अशा घड्यांची कड दिसते. रबर, कापड आणि घड्या दशकानुदशकं टिकतात. फोम मात्र हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. स्पीकर वापरा किंवा पेटीत बंद ठेवा, पंधरा-वीस वर्षांत तो जातोच. त्यामुळे 'फार कमी वापरलेत' हे वाक्य फोमच्या बाबतीत काही कामाचं नाही.

विजेरी तिरकी धरून कडेभोवती पूर्ण फेरी मारा. भेगा, चिकटपणा, रंगात फरक बघा. परवानगी घेऊन बोटाच्या टोकाने अगदी हलकं दाबा. फोम परत वर आला तर ठीक; खड्डा तसाच राहिला किंवा बोटाला काळं लागलं तर तो संपलाय. आणि तो संपला असेल तर मनातल्या मनात खूश व्हा! भाव पाडायला यासारखं कारण नाही, कारण बाकी ड्रायव्हर ठणठणीत असेल तर नवी कड घालणं शिकता येण्यासारखं काम आहे. फोम आधीच कोणी बदललेला असेल तर गोंदाचे ओघळ आणि कोनाच्या मधोमध असलेल्या टोपीची जागा बघा. टोपी जराशी एका बाजूला सरकलेली दिसली तर काम घाईत झालंय.

कापडाच्या कडेची वेगळी कथा आहे. ॲकूस्टिक रिसर्चने १९५४ साली एआर-१ आणला तेव्हा एडगर विल्चर यांची कल्पना अशी होती की डबा हवाबंद करायचा आणि आतल्या हवेलाच कोनाची स्प्रिंग करायची. छोट्या डब्यातून खोल बास त्यामुळे निघू लागला. अशा डब्यात कुठेही हवा गळली की गंमत गेली. कापडावरचा लेप वाळला तर हवा कापडातूनच निसटते. त्याची परीक्षा सोपी: डबा बंद प्रकारचा असेल, म्हणजे त्याला नळी किंवा भोक नसेल, तर कोन हलकेच आत दाबा आणि सोडा. तो सावकाश, जरा आळसावल्यासारखा परत आला तर डबा हवाबंद आहे. टचकन परत आला तर हवा गळतेय. लेप पुन्हा लावता येतो आणि ड्रायव्हरमागची फाटकी पट्टीही बदलता येते, म्हणजे हाही पहिल्या प्रकारचाच बिघाड.

आता खरी परीक्षा. दोन्ही हातांची बोटं टोपीच्या दोन बाजूंना कोनावर समान अंतरावर ठेवा आणि कोन सरळ आत ढकला, वाकडा नाही. कान जवळ न्या. काहीही ऐकू येता कामा नये. वाळूवर चप्पल घासावी तसा आवाज आला तर आतली व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तारेचं वेटोळं, घासतेय. कड फाटून कोन लोंबल्यामुळे तसं होत असेल तर नवी कड लावल्यावर हे कदाचित जाईल. कड शाबूत असून घासत असेल, किंवा कोन मुळीच हलत नसेल, तर कॉइल जळून फुगलेली असते किंवा कधीतरी आपटून चुंबक सरकलेलं असतं. तिथे हात जोडायचे.

मधली टोपी दबलेली असेल तर मी ते मनावर घेत नाही. लहान मुलांची बोटं तिथे गेलेली असतातच. ट्वीटरच्या घुमटाला मात्र स्वतः हात लावू नका. कापडी घुमटाला पडलेला खड्डा चिकटपट्टीने अलगद ओढून काढता येतो. धातूच्या घुमटाला पडलेली सुरकुती कायमची. एनएस-१०००एममधले मिडरेंज (मधल्या स्वरांचा ड्रायव्हर) आणि ट्वीटरचे घुमट बेरिलियमचे आहेत. तुटलेल्या बेरिलियमची भुकटी फुप्फुसाला घातक असते, म्हणून फुटका घुमट दिसला तर साफ करायलाही जाऊ नका.

७. मल्टिमीटर आणि सेल

मीटर ओहमवर ठेवून स्पीकरच्या दोन्ही टोकांना लावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ५.५ ते ७ दिसेल, ४ ओहमच्याला ३ ते ३.५. दोन्ही स्पीकरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. अनंत दाखवलं तर वायर तुटलीय किंवा कॉइल गेलीय.

इथे नवशिक्यांची फसगत होते. मागच्या टोकांवर घेतलेलं माप वूफरचं असतं. ट्वीटरच्या वाटेत कॅपॅसिटर बसलेला असतो आणि तो मीटरचा सरळ प्रवाह अडवतो. म्हणून मीटर 'ठीक' म्हणाला तरी ट्वीटर जिवंत आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी कानच लागतात.

सेल वापरायचा तो दिशा बघायला. त्याचं धन टोक लाल खुणेला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवा. कोन 'ठप्प' करून बाहेर आला पाहिजे. दोन्ही वूफर एकाच दिशेला गेले की झालं. जेबीएलच्या जुन्या मॉडेलांत लाल टोकाला धन दिल्यावर कोन आत जातो. तो दोष नाही, त्यांची तशीच पद्धत होती. एक स्पीकर आत आणि दुसरा बाहेर जात असेल तर कोणीतरी आतल्या वायर उलट्या जोडल्यात. दहा मिनिटांचं काम. सेल सुट्या ट्वीटरला लावून बघू नका.

८. ऐकणं, आणि मी कसा फसलो

दुसऱ्या जोडीच्या वेळी मी जाळी काढली, कडा बघितल्या, मीटरही लावला. मग विकणाऱ्याने त्याच्या ॲम्पवर दणदणीत काहीतरी लावलं, बास आणि ट्रेबल दोन्ही पूर्ण वर. आम्ही दोघं मान डोलवत बसलो. घरी आल्यावर एकट्या तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा कळलं, डाव्या स्पीकरमधून चाटीवरचा 'ना' येतच नव्हता. डावा ट्वीटर मुका होता आणि उजव्याच्या गोंगाटात ते लपून गेलं होतं. तो ट्वीटर मिळवायला मला सात महिने लागले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. स्वतःचा ॲम्प, टोन कंट्रोल मधोमध, लाउडनेस बंद, आवाज बोलण्याइतका. एका वेळी एकच स्पीकर. कागदाची नळी कानाला लावून दुसरं टोक आधी ट्वीटरसमोर, मग मिडरेंजसमोर, मग वूफरसमोर धरायचं. प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि मुका असेल तो लगेच पकडला जातो. संशय आला तर डावी-उजवी वायर अदलाबदल करून बघा. मुकेपणा त्याच स्पीकरमध्ये राहिला तर दोष स्पीकरचा, दुसरीकडे गेला तर ॲम्पचा.

ट्वीटर मुका वाटला तरी लगेच निराश होऊ नका. मागे किंवा पुढे आवाज कमी-जास्त करायचं बटण असेल तर ते पूर्ण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. जुन्या एआर स्पीकरमधली ही बटणं आतून हिरवी गंजतात आणि ट्वीटरचा रस्ता बंद करतात. फिरवताना खरखर झाली आणि मध्येच आवाज आला, तर ट्वीटर जिवंत आहे. बटण साफ होतं किंवा बदलता येतं. फिरवूनही काहीच नाही आणि मॉडेल दुर्मीळ, तर ट्वीटर गेलाय असं धरूनच भाव करा.

मग ॲपवर ३० हर्ट्झपासून हळूहळू २०० हर्ट्झपर्यंत सूर चढवत न्या. आवाज मध्यम ठेवा. छोट्या वूफरला खालच्या सुरांवर जोर द्यायचा नाही. कुठे गुरगुर, कुठे टिकटिक, कुठे भांड्यासारखी थरथर येते का ऐका. जाळी, सैल स्क्रू, मागची पट्टी यांची थरथर हाताने दाबली की थांबते. कोनाच्या मधून येणारी खरखर थांबत नाही.

शेवटी दोन्ही स्पीकर लावून मोनो रेकॉर्डिंग वाजवा आणि बरोबर मध्ये बसा. गायकाचा गळा दोन स्पीकरच्या मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो सतत एकीकडे झुकत असेल तर एका बाजूचा ट्वीटर दमलाय किंवा कॅपॅसिटर म्हातारे झालेत. त्यातही १९८०च्या दशकातल्या काही ट्वीटरमध्ये थंडाव्यासाठी चुंबकीय द्रव भरलेला असतो. तो वर्षांनी घट्ट होतो आणि ट्वीटर दबका वाजतो. द्रव बदलता येतो, पण पहिल्याच जोडीवर हा प्रयोग करू नका.

मग तुमची आवडती गाणी लावा. इतकं सगळं करून जोडी आवडलीच नाही तर उठून निघा. बिघाड नसणं हे घ्यायचं कारण होऊ शकत नाही.

९. डबा

खालच्या कडा आणि मागचे कोपरे बघा. भुशाच्या फळीचा डबा पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा बसत नाही. व्हिनियरवरचे ओरखडे, पेल्यांचे गोल डाग, सुटलेली पट्टी हे सगळं तेल आणि धीर असेल तर निघतं. कॅबिनेटला नवा काळा रंग मारलेला असेल तर त्याखाली काय झाकलंय ते विचारा. दोन्ही डबे उचलून वजन ताडा. एक हलका लागला तर आतलं काहीतरी काढलेलं आहे.

१०. भाव

आतापर्यंत टिपलेले बिघाड दोन रकान्यांत लिहा. फोम, कॅपॅसिटर, गंजकी बटणं, सैल वायर, जाळीचं कापड, व्हिनियर हे पहिल्या रकान्यात. जळकी कॉइल, सरकलेलं चुंबक, फाटका धातूचा घुमट, दुसऱ्याच कंपनीचा घुसडलेला ड्रायव्हर, फुगलेला डबा हे दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्यात एक जरी नोंद असली तरी मी थांबतो, जोडी कितीही सुंदर दिसो. पहिल्या रकान्याचा अंदाजे खर्च काढून तो सरळ विकणाऱ्याला दाखवा. घासाघीस न करता कागद पुढे केला की बहुतेक लोक ऐकतात, निदान माझा अनुभव तसा आहे. आणि एकाच जोडीत फोमही गेलेला, कॅपॅसिटरही, जाळीही, बटणंही असा संपूर्ण संसार दिसला तर बेरीज करून बघा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

११. घरी नेताना

शक्यतो स्वतः न्या. गाडीत पाठीवर झोपवा, ड्रायव्हर वर, त्यावर पुठ्ठा, दोन डब्यांमध्ये ब्लँकेट. एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोनात घुसलेला मी बघितलाय. पार्सलने पाठवायचेच असतील तर खोक्यात खोकं, मध्ये चारही बाजूंनी जाड थर्माकोल. बाहेरून ओरखडाही न पडता, नुसत्या आपटण्याने आतलं चुंबक सरकू शकतं.

१२. घरी आल्यावर

पंधरा दिवस काही उघडू नका. फक्त ऐका. स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. बास गायब वाटला तर आधी वायर तपासा. एका बाजूला लाल-काळं उलटं झालं की दोन्ही वूफर एकमेकांचा बास खातात.

फोम बदलायचा असेल तर नवी कड विकत घेताना स्पीकरचं मॉडेल सांगा, नुसते इंच सांगू नका. दोन 'दहा इंची' वूफरच्या कडा सारख्या नसतात. फोमच्या जागी टिकाऊ म्हणून रबर लावण्याचा मोह टाळा; ते जड आणि कडक असलं की वूफरची चालच बदलते. जुना फोम आणि गोंद पूर्ण खरवडून काढा, यालाच अर्धा दिवस जातो. कोन मधोमध बसवायला टोपी कापून आत पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या घालतात, किंवा गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा हळू सूर वाजवून कोनाला आपोआप जागा शोधू देतात. माझा पहिला वूफर मी पट्ट्यांनी केला. गोंद वाळेपर्यंत दर तासाला जाऊन बघत होतो, त्याची काही गरज नव्हती.

कॅपॅसिटर बदलताना मूल्य तेच ठेवा. इलेक्ट्रोलिटिक लावत असाल तर तो दोन्ही बाजूंनी चालणारा, म्हणजे बायपोलर हवा. साधा लावला तर तो क्रॉसओव्हरमध्ये टिकत नाही. जुन्याच्या जागी नवे फिल्म कॅपॅसिटर लावले की ट्वीटर कधी कधी जास्त टोचतो, कारण जुन्याचा अंगचा थोडा रोध निघून गेलेला असतो. एक छोटा रेझिस्टर मालिकेत घातला की ते शांत होतं. एका वेळी एकच स्पीकर उघडा, म्हणजे दुसरा नमुना म्हणून शाबूत राहतो. उघडण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो काढा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून नीट ठेवा. पुढे विकायची वेळ आली तर घेणारा ते मागतो.

आणि डबा बंद करण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: फोम कधी बदलला, कोणते कॅपॅसिटर, कोणती मूल्यं. पंधरा वर्षांनी पुन्हा कोणीतरी तो डबा उघडेल. माझ्या त्या पहिल्या जोडीत मी हा कागद लावायला विसरलो, आणि आता फोमची तारीख आठवत नाही, म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत जाळी काढून बोट लावून बघतो.